मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात घरातील ऑर्किडची निगा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : छत्रपती संभाजीनगरमधील आपल्या घरी दिवाळीत आणलेल्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या कळ्या डिसेंबरमध्ये एकेक करून पिवळ्या पडून गळत आहेत, खालची दोन पाने सुरकुतली आहेत आणि पानांची टोके तपकिरी झाली आहेत. हवा कोरडी म्हणून आपण पानांवर दिवसातून तीन वेळा पाणी फवारता आणि दर दोन दिवसांनी कुंडीत पाणी घालता, तरीही झाड सावरत नाही. तेव्हा आर्द्रता आणखी कशी वाढवावी, असे आपण विचारले आहे. आर्द्रतेबद्दल मी पुढे सविस्तर लिहिणारच आहे, परंतु आपल्या झाडाच्या बाबतीत आधी मुळे पाहणे आवश्यक आहे, आणि ते आजच केलेले बरे.

सुरकुतलेले पान एवढेच सांगते की, पानातून जितके पाणी जाते तितके त्याला मिळत नाही. पाणी कमी घातले तरी असे होते आणि पाणी जास्त झाल्याने मुळे कुजली तरीही अगदी असेच होते. वरून पाहून या दोहोंतला फरक कळत नाही. झाड कुंडीतून अलगद बाहेर काढा. निरोगी मूळ बोटाला टणक लागते, कोरडे असताना रुपेरी दिसते आणि ओले झाल्यावर मिनिटभरात हिरवे होते. कुजलेले मूळ तपकिरी व मऊ असते, आणि ते हलके ओढले तर त्याचे बाहेरचे आवरण निसटून आत फक्त दोऱ्यासारखी शीर उरते. फॅलेनॉप्सिस निसर्गात झाडांच्या खोडांवर वाढते. त्याच्या मुळांवर मृत पेशींचा एक सच्छिद्र थर असतो. पाऊस आला की तो पाणी शोषून घेतो आणि पाऊस थांबला की वाऱ्याने काही तासांत कोरडा होतो. हा थर दिवसेंदिवस ओलाच राहिला तर आतल्या जिवंत मुळाला हवा मिळत नाही आणि ते कुजू लागते. मराठवाड्यातील घरांमधून माझ्याकडे येणाऱ्या आजारी ऑर्किडांपैकी बहुतेकांची अवस्था हीच असते : हवा कोरडी म्हणून पाणी वाढवले जाते, पाण्याने मुळे जातात, मुळे गेल्याने पाने सुरकुततात आणि सुरकुत्या पाहून पाणी आणखी वाढवले जाते.

त्यातही विकत आणलेल्या झाडात एक गोष्ट हमखास तपासावी. रोपवाटिकेत लहान रोप ज्या मॉसच्या (वाळवलेल्या शेवाळाच्या) किंवा काथ्याच्या गड्डीत लावलेले असते, ती गड्डी मोठ्या कुंडीत हलवतानाही मुळांच्या मधोमध तशीच राहते. वरचे माध्यम, म्हणजे कुंडीत मुळांभोवती भरलेले साहित्य, कोरडे वाटत असताना ती आत चिंब असते आणि कूज बहुधा तेथूनच सुरू होते. ती बोटांनी सोडवून काढून टाका. कुजलेली मुळे ज्योतीवर तापवून थंड केलेल्या कात्रीने निरोगी भागापर्यंत कापा, झाड अर्धा दिवस सावलीत उघडे ठेवून जखमा सुकू द्या आणि नंतर नव्या माध्यमात लावा. पाइनच्या सालीचे तुकडे मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास नारळाच्या सोडणाचे एक-दोन दिवस भिजवून, पाणी बदलत धुतलेले तुकडे आणि लोणारी कोळसा हे मिश्रण आपल्याकडे चांगले चालते. सोडण धुण्यात कसूर करू नये, कारण त्यात क्षार असतात. कुंडी मुळांना जेमतेम पुरेल इतकीच घ्या. मोठ्या कुंडीत मधला भाग वाळतच नाही. निरोगी मुळे तीन-चारच उरली असतील तर फुलांचा दांडाही कापून टाका. हे करताना मन धजत नाही, हे मला ठाऊक आहे, पण एवढ्या मुळांवर झाडाला पाने आणि फुले दोन्ही सांभाळता येत नाहीत.

आता हवेकडे वळू. आपण दिलेल्या वर्णनात दुपारी आर्द्रता पंचवीस टक्के दिसते, असे आहे. हे खरे असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्याचे कारण समजून घेतले तर उपायांची निवड सोपी होते. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटेचा पारा बारा अंशांपर्यंत उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी तीस अंशांच्या आसपास जातो. पहाटे बारा अंशांना सत्तर टक्के आर्द्रता असलेली हवा दुपारी तीस अंशांपर्यंत तापली, तर तिच्यातील बाष्प तेवढेच राहूनही आर्द्रता सुमारे तेवीस टक्क्यांवर येते, कारण गरम हवेची बाष्प धरण्याची क्षमता फार मोठी असते. म्हणजे मराठवाड्यातील दुपारचा कोरडेपणा हा मुख्यतः तापमानाच्या या रोजच्या चढउताराचा परिणाम आहे. थंड देशांत घरे हीटरने तापवल्यामुळे हिवाळाभर रात्रंदिवस हवा कोरडी राहते आणि ऑर्किडविषयीचे बरेचसे प्रसिद्ध सल्ले त्या परिस्थितीसाठी दिलेले असतात. आपल्याकडे रात्री घर थंड होते तशी आर्द्रता आपोआप वाढते, आणि फॅलेनॉप्सिसच्या दृष्टीने ही मोठी जमेची बाजू आहे.

ती का, हे सांगतो. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वेळी पाणी गमावतात. फॅलेनॉप्सिस मात्र निवडुंग आणि अननस यांच्याप्रमाणे रात्री पर्णरंध्रे उघडते, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा रंध्रे मिटून त्याचा वापर करते. त्यामुळे दुपारी हवा कोरडी असताना मेणचट आवरणाचे जाड पान बरेचसे बंद असते, आणि मुळे शाबूत असतील तर ते त्या चार-पाच तासांत तग धरते. झाडाला खरी गरज रात्रीच्या पन्नास-साठ टक्के आर्द्रतेची असते, आणि बंद खोलीत थोड्या प्रयत्नाने ती मिळू शकते. कळ्या, पाकळ्या आणि मुळांची हिरवी टोके यांना मात्र पानासारखे जाड आवरण नसते. म्हणून कोरड्या हवेचा पहिला फटका कळ्यांना बसतो आणि पाने ठीक दिसत असतानाही त्या गळतात.

कळ्या गळण्याला इतरही कारणे असतात आणि दिवाळीत आणलेल्या झाडात ती बहुधा एकत्र आलेली असतात. हरितगृहातील दमट, एकसारख्या तापमानातून झाड बंद खोक्यात प्रवास करते, दुकानात काही दिवस काढते आणि मग आपल्या बैठकीत येते. या बदलानेच काही कळ्या जातात. त्याखेरीज पिकणाऱ्या फळांतून, विशेषतः केळी, पपई व सफरचंद यांतून, इथिलीन वायू निघतो आणि तो अत्यल्प प्रमाणातही कळ्यांना मारक ठरतो. धुरातही तो असतो. आपले झाड देवघराच्या शेजारी असेल आणि तेथे रोज उदबत्ती व धूप लागत असेल, किंवा ते जेवणाच्या मेजावर फळांच्या टोपलीजवळ असेल, तर फक्त जागा बदलून पाहा.

फवारणी मात्र थांबवा. हा सल्ला अनेकांना पटत नाही, म्हणून हिशेब मांडतो. बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे चाळीस घनमीटर हवा असते. तीस अंश तापमानाला तिची आर्द्रता पंचवीस टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर न्यायची तर साधारण ३०० मिलिलिटर पाण्याची वाफ त्या हवेत मिसळावी लागते, आणि खिडकी उघडी असल्याने खोलीतील हवा बदलली की पुन्हा तेवढीच. फवाऱ्यातून एका वेळी वीस-पंचवीस मिलिलिटर पाणी जाते. त्याने झाडाभोवती काही मिनिटे ओलावा येतो आणि निघून जातो. मागे उरते ते पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी. फॅलेनॉप्सिसला वाढीचे टोक एकच असते आणि ते याच बेचक्यात असते. संध्याकाळी तेथे थांबलेले पाणी थंड रात्रीत वाळत नाही, जिवाणू व बुरशी वाढते आणि मधले पान हातात निघून येते. शिवाय आपण बोअरचे पाणी फवारत असाल तर पानावरचे पांढरे डाग आणि टोकांचा तपकिरीपणा यांत त्या क्षारांचाही वाटा असतो. चुकून बेचक्यात पाणी गेलेच तर कागदी रुमालाच्या टोकाने टिपून घ्यावे.

मग काय करावे? सर्वांत आधी डिजिटल आर्द्रतामापक घ्या; तो महाग नसतो. तो बरोबर आकडा दाखवतो का, हे घरीच तपासता येते : बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यात खिरीसारखा ओलावा येईल इतके थेंब पाणी घाला, ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पारदर्शक डब्यात ठेवा आणि एक दिवस तसेच राहू द्या. आत आर्द्रता पंचाहत्तर टक्के होते. मापक जितका कमी-जास्त दाखवेल तितकी त्याची चूक धरावी. नंतर तो झाडाच्या पानांच्या उंचीवर ठेवून पहाटे, दुपारी आणि रात्री झोपण्यापूर्वी आकडे पाहा. रात्रीचा आकडा पन्नासच्या आसपास असेल तर आपल्याला फारसे काही करण्याची गरज नाही.

तो कमी असेल तर सगळी खोली दमट करण्याचा प्रयत्न सोडून झाडाभोवतीची थोडी हवा सांभाळावी. पसरट ट्रेमध्ये खडी आणि पाणी ठेवण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. त्याने आर्द्रता वाढते, पण थोडीच, कारण पाण्याचा उघडा पृष्ठभाग लहान असतो. त्याऐवजी ट्रेमध्ये साध्या भाजलेल्या विटा उभ्या ठेवून तळाशी दोन बोटे पाणी ठेवा. वीट पाणी वर ओढते आणि चारी बाजूंनी सोडते, त्यामुळे परिणाम बराच अधिक मिळतो. झाडे विटांच्या मधल्या जागेत, पालथ्या कुंडीवर, पाण्याला न टेकता ठेवावीत. रॅकच्या मागच्या बाजूला गोणपाट टांगून त्याचे खालचे टोक पाण्याच्या परातीत सोडले तरी हेच साधते. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या ज्या तत्त्वावर चालतात, तेच हे तत्त्व आहे. गोणपाट आठवड्याला धुऊन उन्हात वाळवावा, नाहीतर त्याला बुरशीचा वास येतो. चार-सहा कुंड्या एकत्र ठेवल्याने आणि रॅकच्या तीन बाजूंना पारदर्शक प्लास्टिक लावून समोरची बाजू मोकळी सोडल्याने हा ओलावा टिकतो. समोरची बाजू कधीही बंद करू नये : दमट आणि कोंडलेल्या हवेत पाकळ्यांवर बुरशीचे करडे ठिपके पडतात. लहान पंखा भिंतीकडे तोंड करून मंद लावला तर हवा फिरती राहते. झाडावर थेट वारा मात्र घेऊ नये.

विजेवर चालणारा ह्युमिडिफायर हा माझ्या मते शेवटचा उपाय आहे. ध्वनिलहरींनी धुके तयार करणारे स्वस्त यंत्र आपल्या जड पाण्यातील क्षारही धुक्याबरोबर हवेत सोडते आणि पाने, फर्निचर व टीव्ही यांवर पांढरी भुकटी बसते. घ्यायचेच असेल तर ओल्या वातीतून हवा फिरवणारे घ्यावे, किंवा धुक्याच्या यंत्रात आरओचे पाणी वापरावे.

पाण्याची गोष्ट निघाली आहे, तर ती नीट सांगितली पाहिजे, कारण मराठवाड्यात ऑर्किड बिघडण्याचे हे दुसरे मोठे कारण आहे. आपल्या बेसाल्ट खडकातील बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट यांचे प्रमाण अनेक ठिकाणी बरेच असते. कोरड्या हवेत माध्यमातील पाणी उडते आणि क्षार मागे राहतात, पुन्हा पाणी घातले की त्यांत भर पडते, आणि काही महिन्यांत मुळांच्या टोकांभोवती इतके क्षार साचतात की ती काळी पडून खुंटतात. कुंडीच्या कडेवर पांढरा थर दिसू लागला की हे घडत आहे असे समजावे. विरघळलेल्या क्षारांचे मान लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आत असलेले पाणी ऑर्किडला चांगले. पावसाळ्यात गच्चीवरून धरलेले स्वच्छ पाणी झाकून ठेवता आले तर त्यासारखे दुसरे नाही, पण आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात साठवणीची जागा पिण्याच्या पाण्यालाच अपुरी पडते, हे वास्तव आहे. अशा वेळी आरओचे तीन भाग पाणी आणि नळाचे एक भाग पाणी असे मिश्रण वापरा. नळाच्या पाण्यातून थोडे कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळते, जे निव्वळ आरओच्या पाण्यात नसते. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी वाचवण्याच्या सद्हेतूने अनेक जण ऑर्किडला घालतात. ते कृपया घालू नये. काढून टाकलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. फरशी पुसायला ते उपयोगी पडेल.

पाणी देण्याचा दिवस कॅलेंडरवर ठरवू नका. पारदर्शक कुंडीतून दिसणारी मुळे हिरवी असतील तर थांबा; ती रुपेरी झाली असतील आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागत असेल तर पाणी द्या. हिवाळ्यात सालीच्या किंवा सोडणाच्या माध्यमात हे अंतर साधारण पाच ते सात दिवसांचे आणि मॉसमध्ये आठ ते बारा दिवसांचे पडते. देताना मात्र भरपूर द्या : कुंडी मोरीत ठेवून माध्यमातून पाणी मोकळेपणाने वाहू द्या, दहा मिनिटांनी पुन्हा एकदा तसेच करा, पूर्ण निथळू द्या आणि मगच ती शोभेच्या कुंडीत ठेवा. शोभेच्या कुंडीच्या तळाशी साचलेले पाणी फेकून द्यायला विसरू नका. हे काम सकाळी ऊन वर आल्यावर करावे. गच्चीवरच्या टाकीतील पहाटेचे पाणी डिसेंबरमध्ये फार गार असते. ते बादलीत काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. खतासाठी कृषी सेवा केंद्रात मिळणारे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश सारख्या प्रमाणात असलेले विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम एवढे पातळ करून महिन्यातून एकदा पुरे, आणि त्याच्या पुढचे पाणी साधे. मुळे कुजलेल्या झाडाला खत अजिबात देऊ नये.

जागेबद्दल : आपली खिडकी पश्चिमेची आहे. हिवाळ्यात दुपारी दोननंतर तेथे थेट ऊन येते आणि पान हवेपेक्षाही अधिक तापते. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. दक्षिणेच्या खिडकीबद्दल एक लक्षात ठेवावे की, डिसेंबरमध्ये आपल्या अक्षांशावर भर दुपारचा सूर्यही क्षितिजापासून जेमतेम सत्तेचाळीस अंश वर असतो, त्यामुळे उन्हाळ्यात सावलीत असलेली ही खिडकी हिवाळ्यात उन्हाने भरते. तेथे पांढरा पातळ पडदा लावावा. रात्री झाड काचेपासून दोन-तीन फूट आत घ्या. फॅलेनॉप्सिसला पंधरा अंशांखालची थंडी सोसत नाही, आणि परभणी, हिंगोली, जालना या भागांत थंडीची लाट आली की खिडकीजवळची जागा सहज त्याखाली जाते.

थंडीचा एक लाभही आहे. दिवसाचे तापमान पंचवीस अंशांच्या आसपास आणि रात्रीचे पंधरा ते अठरा अंश असे चार-सहा आठवडे मिळाले की फॅलेनॉप्सिस फुलांचा दांडा काढते. किनारपट्टीच्या उष्ण-दमट शहरांत यासाठी वातानुकूलन लावावे लागते. आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारीत हे घराच्या आतच घडते. अडचण पुढे येते. डिसेंबर-जानेवारीत निघालेल्या दांड्यावरच्या कळ्या टपोऱ्या होतात तोवर फेब्रुवारी संपून मार्च लागलेला असतो, आणि मराठवाड्यात हवा सर्वाधिक कोरडी होते ती डिसेंबरमध्ये नाही, तर मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा रात्रीही घर गार होत नाही, म्हणून रात्रीची आर्द्रताही घसरते. विटांचा ट्रे आणि गोणपाट यांची खरी गरज त्या काळात लागते. त्यांची सवय आत्ताच करून ठेवावी आणि होळीच्या सुमारास झाड घरातील सर्वांत गार, उत्तरेकडच्या किंवा पूर्वेकडच्या खोलीत न्यावे. कूलर लावाल तेव्हा झाड त्याच खोलीत, पण झोताच्या बाहेर ठेवले तर आर्द्रतेचा प्रश्न बराचसा सुटतो.

कोरडी हवा आणि वाढते तापमान यांत लाल कोळी ही पानांतील रस शोषणारी बारीक कीडही वाढते. पानाची खालची बाजू रुपेरी, खरबरीत दिसू लागली की भिंगातून पाहा. सुरुवात असेल तर दर चार दिवसांनी दोन्ही बाजू ओल्या फडक्याने पुसून काढणे पुरते. कीटकनाशकाची घाई करू नये.

आणखी एखादे ऑर्किड घेण्याचा आपला विचार आहे, म्हणून सांगतो : उघड्या मुळांची, टोपलीत टांगलेली संकरित वांडा कितीही मोहक वाटली तरी मराठवाड्यातील घरात ती सांभाळणे फार कष्टाचे आहे, कारण तिच्या मुळांना रोज भिजणे आणि दमट हवा दोन्ही लागतात. गंमत अशी की, वांडा टेसेलाटा ही तिचीच देशी बहीण भारताच्या कोरड्या मैदानी भागांत आंब्या-बाभळीच्या खोडांवर उन्हाळे काढते. परंतु ती जंगलातून किंवा शेतातल्या झाडावरून काढून आणू नये. डेंड्रोबियम आणि कॅटलिया यांच्या जाड खोडांत पाणी साठते, म्हणून दोन-चार कोरड्या दिवसांचे त्यांना फॅलेनॉप्सिसइतके वाटत नाही. दुसरे झाड म्हणून डेंड्रोबियम घ्यावे.

आपल्या सध्याच्या झाडाकडून लगेच फार अपेक्षा ठेवू नका. सुरकुतलेली खालची पाने बहुधा पुन्हा ताठ होणार नाहीत. ती पूर्ण पिवळी होईपर्यंत कापू नयेत, कारण झाड त्यांतील पाणी व अन्न वापरत असते. पुढचे दीड-दोन महिने पाहायचे ते खोडाच्या बुंध्याशी : तेथे हिरव्या टोकाचे नवे मूळ निघाले की झाड लागले असे धरावे, आणि ते मूळ बोटभर लांब झाल्यावरच खत सुरू करावे.